मागून येणारा सूर

करीमचाचा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कारंज्याच्या कापसाच्या जिनात इंजिनाला तेल घालत होतो. हातातली झारी तशीच राहिली आणि कान इंजिनाच्या ठोक्याकडे लागले… त्याच ठोक्यावर चाचांनी मला जॅझ शिकवायला घेतलं होतं.

चाचा मुंबईला एका हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. छातीचा विकार जडला, फुंक सरली, तेव्हा गावी परतून ते लग्नाच्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करू लागले. एकदा आमच्या मंडळाचं भजन ऐकून त्यांनी मला थांबवलं. "माह्या छातीत आता फुंक नाही, गंगाधर. तुह्या गळ्यात हाय. मी मराच्या आधी एकदा तरी जॅझचं गानं कारंज्यात झालं पाह्यजे." इंग्रजीच्या नावानं माझी बोंब, म्हणून शब्दांऐवजी त्यांनी "दा-बा-दू" असे बोल दिले. ते मी दोन दिवसांत पाठ केले आणि स्वतःवरच खूश झालो. अडलं भलतीकडेच. जन्म टाळावर गेलेला. सम आली की माझा सूर बरोब्बर तिच्यावर पडे. चाचा कपाळाला हात लावत. "अबे, काहून धावून राह्यला? सम काय सुटाची गाडी हाय? जाऊ दे तिले पुढं. तू मागून ये, पान चघळत."

दोन महिने इंजिनाच्या ठोक्यामागून गात राहिलो. जमू लागलं. मग त्यांच्या पुतणीच्या लग्नात बँड उभा राहिला, चाचांनी खूण केली, मी तोंड उघडलं… आणि मांडवातल्या मंडळींनी हौसेनं समेवर टाळ्या धरल्या. झालं! सगळं गाणं मी त्या टाळ्यांवर सरळ गाऊन मोकळा झालो. लोक खूश. चाचा मांडवाचा खांब धरून उभे होते. जवळ गेलो तर हसून म्हणाले, "भजन झ्याक झालं, बाप्पा." म्हाताऱ्याची एवढी एकच इच्छा, तीही मी घालवली. पुढच्या खेपेला नक्की, असं म्हणालो खरं, पण त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच.

चाचा गेले त्याला आता पाच आठवडे झाले. परवा किन्हीराजा गावी भजनाला गेलो होतो. टाळ कडाडले, सम आली… आणि माझा सूर आलाच नाही. तो मागून आला, सावकाश, पान चघळत. माझे डोळे भरून आले. मृदंगवाल्यानं मान वळवली.

"काय झालं, गंगाधर? चुकून राह्यला न."

मी पुढचं कडवंही तसंच उशिरा उचललं.