दर रविवारची साक्ष

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, उपासनेच्या मधे साक्षीला वेळ ठेवलेला असतो. ज्याला सांगायचं त्यानं उठायचं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आणि बसायचं. बहुतेकांचं ठरलेलं असतं. ताप उतरला, पोरगं पास झालं, हरवलेली शेळी सापडली. लोक आमेन म्हणतात आणि उपासनेनंतरच्या जेवणाची वाट बघतात.

बर्मातून पळून आलेलं कुटुंब आमच्या पूर्णा गावात आलं आणि साक्षीची वेळ लांबायला लागली. नवरा, बायको आणि कडेवरची पोरगी. तिकडं लष्करानं त्यांचं गाव जाळलं होतं. डोंगर उतरून ते मिझोरामात आले, तिथून दिल्लीला गेले. दिल्लीत काम मिळेना. आमच्या पाळकसाहेबांच्या ओळखीच्या एका पाळकानं विचारलं, ठेवून घ्याल का? साहेब आधी हो म्हणाले आणि मग आम्हाला विचारलं.

काम मात्र सगळ्यांनी केलं. कुणी खोली बघून दिली, कुणी नवऱ्याला फर्निचरच्या दुकानात लावून दिलं. कुणीतरी गळका कुकर दिला होता, तो मी परत पाठवला. निर्वासित झाली म्हणून बाई वाफ धरून थोडीच बसणार होती?

पहिल्या रविवारी ती साक्षीला उठली. दिल्लीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत बोलली. घर जळालं, आम्ही रानात शिरलो, आईला चालवेना, तिला वाटेत एका झाडाखाली सोडावं लागलं. ती आई आज आहे का नाही, ठाऊक नाही. सगळं चर्च रडलं. मीही रडले, त्यात काय.

पण ही बातमी पसरली. पुढच्या रविवारी बोरीहून माणसं आली, त्याच्या पुढच्या रविवारी ताडकळसहून. जो येई त्याला ते ऐकायचं असे. साहेब म्हणत, "बहीण, आपली साक्ष सांगा." ती उठायची आणि वरच्या पंख्याकडं बघत सांगायची. एकदा तिनं आईची गोष्ट गाळली. तर मागून ताडकळसची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अवं, ते म्हातारीचं ऱ्हायलं की!"

तिनं ते सांगितलं आणि पोरीला घेऊन बाहेर गेली. त्यानंतर ती चर्चला यायची बंद झाली. नवरा तेवढा यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा.

"मदत मिळाली, आता कशाला येतीया," बायका म्हणाल्या.

मी तिच्या खोलीवर गेले. ती पोरीचं डोकं विंचरत होती. मी विचारलं, "आमचा राग आला का?"

"नाही, आजी." तिनं पोरीच्या केसातली एक गुंत सोडवली. मग तिच्या हिंदीत म्हणाली, "मला यायचंय. मला गाणी आवडतात. पण तिथं आले की आईला परत झाडाखाली सोडावं लागतं. तुम्ही लोक रडता, मग जेवता. मला जेवण जात नाही."

मी तिथून सरळ साहेबांकडं गेले. ते रविवारचा उपदेश लिहीत होते.

"तिला पुन्हा साक्षीला उठवायचं न्हाई," मी म्हणाले.

"आजी, अहो, लोक तिला ऐकायला लांबून यायलेत. त्यांचा विश्वास वाढायलाय."

"लोकांना सांगा, सर्कस गेली. तिचा विश्वास चाललाय तिकडं बघा."

"असं कसं बोलता?"

"तोंडानं बोलते. ती आली तर तिला नुसतं बसू द्या. आमी सगळे बसतो तसं."

साहेबांनी उपदेशाचा कागद पुन्हा पुढं ओढला. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

त्या रविवारी मी तिला बरोबर घेऊन गेले आणि भिंतीकडेला बसवलं. वाटेच्या कडेला मी बसले. साक्षीची वेळ आली. साहेबांनी आपली नजर पुस्तकात ठेवली, हे मी बघितलं. पण बोरीचा एक पाहुणा उठला. "बर्माच्या बहिणीची साक्ष ऐकायला आलोत, साहेब."

 मग मीच उठले. माझ्या गुडघ्यांची साक्ष दिली. कोणता डॉक्टर काय म्हणाला, कोणतं तेल लावलं, सून चोळताना कशी तोंड वाकडं करते, सगळं सांगितलं. पाहुणा खाली बसला. मी थांबले नाही.

"आजी, बसा की आता!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बसते. दुसरा गुडघा ऱ्हायलाय."

लोक हसले. साहेबांनी घाईघाईनं गीत सांगितलं आणि माझ्या शेजारी ती मोठ्यानं गायली.

पुढं काही रविवार मी असंच केलं. दातांची साक्ष दिली, मोतीबिंदूची दिली. सून म्हणाली, लाज आणायलात. आणली तर आणली. बोरी-ताडकळसचे पाहुणे हळूहळू कमी झाले. ती मात्र येत राहिली आणि उपासनेनंतर बायकांबरोबर भांडी घासायला लागली.

उन्हाळ्यात एका रविवारी मी उठायच्या आधी तीच उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब दचकले. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला. पंख्याकडं न बघता, आमच्याकडं बघत ती मराठीत म्हणाली, "काल आमच्या नळाला पाणी आलं. दोन पिंपं भरली. प्रभूची स्तुती." आणि बसली.

 ती ताडकळसची बाई अजून यायची, ती पुढं वाकली.

"कवा आलं? सकाळी का दुपारी?"

"दुपारी."

"बघा! इथं आमच्या बहिणीच्या गल्लीला थेंब न्हाई अन् यांच्याकडं दोन पिंपं!"

त्यावरून बायकांत असा गलका झाला की साहेबांना टेबल वाजवावं लागलं. त्या गलक्यात तीही होती. कुणाच्या गल्लीचा नळ आधी सोडतात, यावरून ती बाजूच्या बाईशी भांडत होती, आणि तिचंच बरोबर होतं.