चिंधी बांधलेला दुधी

शोभाताईंचा फोन लातूरहून आला तेव्हा मी गॅलरीतल्या बादलीतल्या वेलाला पाणी घालत होते. "आई गेली गं," एवढंच म्हणाल्या. मग पोरं कशी आहेत, सुरतेला ऊन किती आहे, असं इकडचं तिकडचं विचारलं... मीही उत्तरं दिली. फोन ठेवून उरलेलं पाणी घातलं. पोरांच्या परीक्षा, नवऱ्याला रजा नाही. जाणं काही झालं नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

शोभाताईंची आई म्हणजे आमच्या घरमालकीण काकू, माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझं माहेर लातूरकडच्या मुरुडजवळचं. शाळा आठवीत सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याला डाळमिलमध्ये काम लागलं म्हणून आम्ही नांदेडला आलो. काकूंच्या गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षं भाड्यानं राहिलो. खोलीसमोर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मेथी, वांगी, चवळी आणि तारेवर चढवलेला दुधीचा वेल. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक शोभाताई लातूरला सासरी. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपली की काकू वर यायच्या आणि दोन तास त्या बादल्यांत रमायच्या. एकट्या होत्या, पण त्यांची कीव करावी असं कधी वाटलं नाही. कीव माझीच करायला हवी होती. नळ जरा जोरात सुटला, पोरगं रडलं, तरी मला वाटायचं, आता खोली सोडायला सांगतील.

पहिल्याच वर्षी काकू चार दिवस लातूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "लागंल ती भाजी तोडून घे." आणि नेमके सासूबाई नि दीर न कळवता आले. वेलावर एकच मोठा दुधी होता, त्याच्या देठाला लाल चिंधी. आमच्या गावाकडं चांगल्या धरलेल्या झाडाला नजर लागू नये म्हणून चिंधी बांधतात. मी ती सोडून वेलालाच बांधून ठेवली, दुधी तोडला आणि अर्ध्याची भाजी केली.

काकू परत आल्या, वेलापाशी उभ्या राहिल्या. "चिंधी हाय, दुधी कुठं हाय?"

मी सांगितलं. वेलावरची चिंधी सोडत त्या म्हणाल्या, "बियाला ठेवला होता, पोरी. माझ्या माहेरचं, उदगीरचं वाण हाय. डब्यात आता एक बी न्हाई."

मला रडू फुटलं. "मला वाटलं, नजरेसाठी बांधलीय."

"भोपळ्याला कोण नजर लावतंय गं? तो काय नवरदेव हाय?"

उरलेला अर्धा दुधी मी आणून दिला. त्यातलं बी त्यांनी बोटांत दाबून पाहिलं, ते चपटं झालं. "कोवळं हाय. उगवायचं न्हाई." मी खोली सोडायला सांगण्याची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "किसणी आण."

त्या दिवशी मी पहिल्यांदा केक होताना पाहिला. किसलेला दुधी, रवा, गूळ, दही, वेलदोडा, चिमूटभर सोडा. अंडं त्यांना चालत नव्हतं. जुन्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवला, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. मी दर दोन मिनिटांनी उठायची. "बस गं! ते आपलं आपण होऊन राहिलंय. तू मधीमधी कशाला?" मग आम्ही दोघी पायरीवर मेथी निवडत बसलो. वेलदोड्याचा वास यायला लागला तरी त्या उठल्या नाहीत. काही न करता बसून राहिलं तरी कुणी रागवत नाही, हे मला त्या पायरीवर कळलं. पुढं दर गुरुवारी हेच. केक कधी खालून करपायचा, कधी मधे बसायचा. काकू करपलेली कड स्वतः घ्यायच्या आणि "चांगला झालाय" म्हणायच्या. तसं वाटायचंच त्यांना.

काकूंनी उदगीरला बरीच विचारणा केली, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांच्या भावजयीनं पुडीत नऊ बिया पाठवल्या. त्या साली चिंधी काकूंनी मलाच बांधायला लावली. फळ बियाला कधी तयार झालं ते नखानं बघायचं, हेही शिकवलं: नख रुतलं तर कोवळं, नाही रुतलं तर झालं. आम्ही सुरतेला निघालो तेव्हा माझ्या हातात बियांची पुडी दिली.

"मला देता? मी तर तोडून खाल्ला होता..."

"म्हणूनच देऊन राहिले. आता तू तोडायची न्हाईस. फक्त सगळं बी एकदम लावू नको, थोडं डब्यात असू दे."

एवढं एकच त्यांनी बजावलं होतं. आणि यंदा मी हातातलं सगळं बी लावलं. दोनच रोपं उगवली, एक कबुतरांनी खाल्लं.

त्या पहिल्या फोननंतर आठेक दिवसांनी शोभाताई पुन्हा बोलल्या. काकू शेवटचे चार महिने लातूरलाच होत्या, तेवढ्या काळात नांदेडचा वेल वाळला, डब्यातल्या बियांना कीड लागली. उदगीरलाही आता कुणी लावत नाही. "तुझ्याकडं हाय का गं?" मी गॅलरीकडं पाहिलं. आधीची फळं आम्ही खाल्ली होती, वेलावर एकच उरलं होतं. "हाय," म्हणाले. त्याच संध्याकाळी जुनी लाल ओढणी फाडली.

शेजारीण परवा विचारत होती, नजर लागू नये म्हणून बांधलीय का? म्हटलं, नाही, बियाला ठेवलाय. गुरुवारी केक लावते, झाकण उघडत नाही. पण गॅलरीत दिवसातून चारदा जाते, ते काही सुटलेलं नाही. रंग फिकट होत चाललाय, देठ वाळायला लागलाय. आज सकाळी नख लावून पाहिलं.

अजून रुततंय.