पहिल्या ओळीतली रिकामी जागा

मुलांनो, आज व्हिडिओ कॉलवर तुमची सईताई रडवेली दिसली. जगाला खुल्या असलेल्या एका संगणक-प्रणालीच्या गाभ्यातलं, नेटवरचे निरोप कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर तिनं वर्षभर खपून नव्यानं लिहिलंय. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते परत पाठवलं, कारण पहिल्याच ओळीच्या शेवटी उगाच रिकामी जागा सुटली होती.

“आजी, रिकामी जागा कुणाला दिसते गं?” सई म्हणाली.

“त्यांना दिसली ना!”

कुठला कोण परका माणूस, आणि किती मन लावून वाचतो! तुमच्या आजोबांनी माझी पत्रंसुद्धा अशी वाचली नाहीत.

सईनं ती जागा काढून पुन्हा पाठवलं. माझ्यासमोरच उत्तर आलं, “पहिली ओळ मान्य. आता दुसरी वाचतो.”

“आजी, चार हजार ओळी आहेत!”

“असू देत. कुलूप पक्कं होईल.”