बिरप्पांच्या घड्याळाचा पंचनामा

अर्जाला एक फोटो जोडला होता. लग्नाच्या मांडवात बसलेला एक माणूस आणि त्याच्या मनगटाभोवती लाल पेनानं काढलेला गोल. खाली लिहिलं होतं, "यांच्या हातात बारा लाखांचं परदेशी घड्याळ आहे. यांना कमी उत्पन्नाचा दाखला देऊ नये." सही नव्हती.

मी माकणीच्या बाजूच्या एका गावात तलाठी आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो, पण माणूस किती कमावतो याचा अहवाल तलाठ्यानं द्यायचा असतो. फोटोतले बिरप्पा मेंढ्या राखतात. त्यांच्या धाकट्या मुलीला, रेणुकाला, नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती. फी माफीसाठी दाखला शुक्रवारपर्यंत कॉलेजात द्यायचा होता. मंगळवारी तहसीलदार साहेबांचा फोन आला. अर्ज निनावी असला तरी फोटो आहे, पंचनामा करून पाठवा, म्हणाले. पंचनामा म्हणजे दोन साक्षीदारांसमोर जे दिसलं ते लिहायचं, वाचून दाखवायचं आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या.

बुधवारी मी बिरप्पांकडं गेले. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की घड्याळ नकली आहे, सोलापुरात फुटपाथवर सातशेला घेतलेलं. गावात मात्र मेहुण्यानं दुबईहून पाठवलं म्हणून सांगितलं होतं. थोरल्या मुलीच्या सासरीही तेच.

"कशाला सांगितलंत असं?" मी विचारलं.

"ह्ये हातात आसलं की लोक खुर्ची देत्यात, मॅडम. न्हायतर मेंढक्याला कोण बस म्हणतंय?"

हे पंचांसमोर बोलावं लागेल, असं मी सांगितलं. घड्याळ सापडलंच नाही असं लिहिता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणाले. मग त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"लिवा."

पंच होते पोलीस पाटील आणि एक रिटायर मास्तर. ग्रामपंचायतीत दहा-बारा माणसं जमली. बिरप्पांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं. मला वाटलं, काम झालं. पण मास्तर सही करेनात. दाखल्यासाठी माणूस काहीही बोलेल, असं त्यांचं म्हणणं. पाटलांनी घड्याळ तळहातावर तोललं आणि वजन चांगलं आहे म्हणाले. बिरप्पा शपथ घ्यायला तयार झाले, तरी कुणी ऐकेना. तीन वर्षं ते खोटं सांगत होते, तेव्हा एकानंही शंका घेतली नव्हती.

गुरुवारी बाजारपेठेतून घड्याळजी आणला. त्यानं पाठीमागचं झाकण उघडलं. आत एक सेल आणि भोवतीची जागा भरायला प्लास्टिकची रिंग. असलं महागडं घड्याळ सेलवर नाही, हाताच्या हालचालीवर चालतं, असं त्यानं समजावलं. तबकडीवरची तीन छोटी वर्तुळं नुसती छापलेली होती. मी सगळं लिहिलं, वाचून दाखवलं. मास्तरांनी सही केली. पाटलांनीही केली, आणि पेन परत देताना माझ्याकडं झुकून म्हणाले, "ह्ये नकली हाय, ह्ये खरं. म्हंजी असली घरात ठिवलं आसंल."

शुक्रवारी दुपारी दाखला निघाला. रेणुका आता दुसऱ्या वर्षाला आहे. व्याह्यांना बाहेरून कळण्याआधी बिरप्पा स्वतः जाऊन खरं सांगून आले. व्याही नुसते हसले. चोरांच्या भीतीनं सगळे असंच सांगतात, म्हणाले.

तेव्हापासून अंगावरच्या वस्तूची चौकशी आली, की मी आधी कारागीर बोलावते. मालकाचा जबाब शेवटी घेते.