तात्यांचं घसरमैदान

कोणाच्याही घरी गेले की फरासखान्याचे तात्या आधी वाकून फरशीवरून तळहात फिरवायचे आणि मग रामराम म्हणायचे. देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात गालिचे अंथरण्याचं खातं त्यांनी तीस वर्षं सांभाळलेलं. जमिनीतला उंचवटा त्यांच्या हाताला आधी कळे. आमच्याकडे आले की आई पाट मांडायची, पण तात्या बसायचे नाहीत. "बसलं की माणूस विरजतं, वहिनी," म्हणत उभ्यानेच चहा घ्यायचे.

या उभ्या माणसाला ध्यास एकच. दरबारच्या लवाजम्याबरोबर ते एकदा हिवाळ्यात सिमल्याला गेले होते. तिथे मडमा आणि त्यांच्या पोरी बर्फावर भिंगरीसारख्या फिरताना त्यांनी पाहिल्या. आपल्या मुलींनी का नाही? परत आल्यावर त्यांनी थेट इंदूरचा एक बर्फाचा कारखाना गाठला. मालक म्हणाला, "भिया, मालवे में लगन के शरबत को बर्फ पूरा नहीं पड़ता, तुम मैदान जमाओगे?" तात्या हिरमुसले नाहीत. बर्फ नाही तर गुळगुळीत फरशी, आणि बुटांना चाकं! जागेचा पत्ता नव्हता, पण नाव ठरलं: घसरमैदान. मी तेव्हा दहा वर्षांची, शेजारची. "पहिली तू घसरायचीस, सुमे," असं त्यांनी कबूल केलं आणि मी ते गल्लीभर सांगितलं.

आता देवासची गंमत ऐका. गाव एक, राज्यं दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. मुंज असो की लग्न, अक्षत दोन्ही राजवाड्यांवर जायची. एकीकडे गेली आणि दुसरीकडे राहिली तर रुसवा पिढ्यान्‌पिढ्या. तात्या दरबारी रीतीत मुरलेले. टेकडीखालच्या पडीक जागेसाठी त्यांनी एकाच मजकुराचे दोन अर्ज केले, दोन्ही दरबारांना एकेक. दोन्हींकडून शिक्क्यासह होकार आला आणि तात्यांनी पेढे वाटले.

चुना-वाळू पडायच्या आत राज्यं विलीन झाली. नव्या कचेरीतल्या परगावच्या साहेबाने एका जागेचे दोन हुकूम पाहिले आणि शेरा मारला: जागा वादग्रस्त.

"साहेब, झगडा किससे? दोन्ही अर्जांवर सही माझीच!" तात्या म्हणाले.

"तो फिर दो क्यों?"

रीतीबाहेरच्या माणसाला यावर काय सांगणार?

मग फाइल फिरू लागली आणि तिच्यामागे तात्या. नव्या राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. तात्या इंदूरला पोचावेत तर कागद ग्वाल्हेरच्या वाटेला लागलेले. घरी आले की अंगणात येरझारा. मला कधी कधी त्यांचा रागच यायचा. माझी शाळा संपली, मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले, वेणी जाऊन अंबाडा आला. आता मला चाकांचे बूट कोण घालू देणार होतं?

राजधानी भोपाळला गेली, तेव्हा कुठे उत्तर आलं. जागा मिळेल, मात्र दोन अर्जांपैकी एक पंधरा दिवसांत लेखी मागे घ्यावा.

मला हसू आलं. तात्या मात्र कागद धरून चक्क पाटावर बसले. "कुठला मागे घेऊ? धाकट्या पातीचा घेतला तर लोक म्हणतील, आपल्या धन्याचा तेवढा मान राखला. थोरलीचा घेऊ, तर तीस वर्षं मीठ खाल्लंय त्यांचं."

"तात्या, आता दरबार राहिलेत कुठे?"

"म्हणून तर, सुमे. असते तर त्यांनाच विचारलं असतं."

चौदा दिवस ते फिरत राहिले. अन्न तुटलं. शेवटच्या दिवशी मीच दौत-टाक पुढे ठेवला आणि चिडून म्हणाले, "माझ्या वर्गातल्या मुलीही अशाच मोठ्या होऊन जाणार का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि थोरल्या पातीचा अर्ज मागे घेतला. आपल्या धन्याचा. शाई वाळू दिली आणि हळूच विचारलं, "आता मी कुणाचा, सुमे?"

मैदान झालं. मुली आपटल्या, उठल्या, खिदळल्या. एक हिवाळाभर तात्या काठाशी उभे राहून ओरडत, "झुकून चला, बाई, झुकून!" पुढच्या चैत्रात ते गेले.

गाव अजून त्यांच्या चिकाटीचं कौतुक करतं. मला त्यांचा तो प्रश्नच टोचत राहतो. "आमचे, तात्या," एवढंच म्हणायचं होतं. पण कचेरी पाचला बंद होणार होती, आणि मी कागद घेऊन पळत सुटले होते.