स्कूटरला सांगितलेली बातमी

"माझ्या घरची गोष्ट तुझ्या तोंडी कशाला?"

"अरे भिया, आनंदाची बातमी होती!"

"आनंद माझा आणि तोंड तुझं? वा रे वा!"

हे भांडण मी दाराआडून ऐकलं. मुद्दाम नाही. हातात कचऱ्याच्या दोन बादल्या होत्या, एक ओल्याची, एक सुक्याची, आणि दोघे नेमके माझ्याच ओट्यापाशी उभे. जाणार कुठे? ऐकलं. ओरडत होता तो गजानन, माझ्या समोरचा. ऐकून घेत होता तो तुकोजी, आमच्या गल्लीच्या रहिवासी समितीचा सेक्रेटरी. दोघेही माझ्या दिरांसारखे. हे होते तोवर संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचे, आणि साखर कमी म्हणून मला टोमणे मारायचे.

आमची गल्ली इंदोरात मल्हारगंजच्या मागे, अरुंद. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की झाडून सगळे बादल्या घेऊन दारात. सून, सासरा, नवी नवरी, कोणी असो. तुकोजीच्या डोक्यात आलं, की सगळी गल्ली एका वेळी दारात उभी असते ती हीच घटका. मग बातमी सांगायला घरोघर कशाला हिंडायचं? तेव्हापासून तो गाडीमागून चालायला लागला. "समितीची बातमी! उद्या लाईट जाणार, पीठ आजच दळून आणा." "समितीची बातमी! शिखाताईंकडे नात झाली." जन्म कापडाच्या मिलमध्ये गेलेला, साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय, म्हणून गाडीचं गाणं त्याच्या आवाजापुढे बापडं वाटायचं. पोरं हसायची, "तुकोजीकाकांची बातमी कचऱ्यामागून येते." तो म्हणायचा, "येते ना? बस हो गया."

आणि चालताना तो बघायचा, कोणतं दार उघडलं नाही. जे उघडलं नाही ते ठोठावायचा. माझ्या गुडघ्यांनी दगा दिला त्या दिवशी पहिली थाप त्याचीच होती.

तर ते भांडण. गजाननच्या विक्रमला मुलगी बघायला गेले होते. बोलणी अर्ध्यावर होती. गजाननने मित्र म्हणून सांगितलं, आणि तुकोजीने दुसऱ्या दिवशी गाडीमागून जाहीर करून टाकलं, विक्रमचं जमलं! मुलीकडच्यांना अजून एक स्थळ बघायचं होतं. इंदोरात पेढ्यांची तयारी चाललीय असं त्यांच्या कानावर गेलं, त्यांनी हात आखडता घेतला. विक्रमने पुढे बंगलोरला आपली आपण शोधली, आणि मी सांगते, ती याहून बरी. पण बापाच्या मनातून काही गेलं नाही.

"यापुढे माझ्याशी बोलायचं नाही," गजानन म्हणाला.

"नाही बोलणार. पण समितीची बातमी तर सांगावी लागेल. ते काही बोलणं नव्हे."

"मग स्कूटरला सांग!"

गजाननच्या दारात त्याची जुनी स्कूटर ताडपत्री पांघरून उभी असायची. तुकोजीने शब्द खरा केला. रोज गाडीमागून यायचा, गजाननच्या दारी थांबायचा आणि स्कूटरकडे तोंड करून बातमी सांगायचा. गजानन बादली घेऊन उभा, तोंड गाडीकडे. सगळं ऐकायचा. बातमी संपली की बादली रिकामी करायचा आणि आत जायचा. वर्षं गेली अशी. मी एकदा म्हटलं, "तुकोजी, स्कूटर काय म्हणते?" तर म्हणाला, "वहिनी, ती तुमच्या गजाननपेक्षा बरी. निदान तोंड फिरवत नाही."

मग गल्लीत फोनचा ग्रुप निघाला. समितीचा अध्यक्ष जयेश झाला, साड्यांचं दुकान आहे त्याचं, मुलगा वाईट नाही. बातम्या ग्रुपवर यायला लागल्या. माझ्या नातीच्या, रुचीच्या फोनवर दिवसभर टुणटुण. तुकोजी तरी चालतच राहिला, कारण गल्लीत आमच्यासारखी खोडं पुष्कळ. गजाननकडे बटनांचा फोन. बायको गेलेली, मुलगा लांब. त्याला जगाची खबर म्हणजे सकाळची ती एक, स्कूटरच्या नावाने आलेली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी समितीच्या बोरिंगच्या पाण्याला वास यायला लागला. तीनचार घरांत उलट्या-जुलाब. तुकोजीने हौदाचं झाकण काढून बघितलं आणि सरळ जयेशच्या दारी गेला. माझ्या ओट्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"नालीचं पाणी मिसळतंय जयेश. उद्या गाडीमागून सांगतो, कोणी उकळल्याशिवाय पिऊ नका."

"काका, प्लीज. मी ग्रुपवर टाकलंय ना. गाडीमागे ओरडू नका, रस्त्यावरचे लोक ऐकतात. परवा सोनलला बघायला बेटम्याचे पाहुणे येतायत. त्यांच्या कानावर गेलं की यांच्या घरचं पाणी असलं..."

सोनल ही जयेशची बहीण. मला तुकोजीचा चेहरा दिसत होता. एकदा एका घरचं जमणारं लग्न त्याच्या तोंडाने मोडलं होतं. पुन्हा दुसऱ्या घरचं? तो म्हणाला, "ग्रुपवर टाकलंस ना? सगळ्यांना जातं ना ते?"

"जातं काका, सगळ्यांना."

ज्यांच्याकडे फोन होता त्यांना वाटलं सगळ्यांना कळलं. रुचीने वाचून दाखवलं, आमच्याकडे पाणी उकळलं गेलं. दुसऱ्या दिवशी तुकोजी गाडीमागून चालला, पण मुकाट्याने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गजाननच्या दाराशी थांबला. स्कूटरकडे बघितलं, गजाननच्या बादलीकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी पुढे गेली तसा तोही गेला. गजानन जरा वेळ उभा राहिला, मग आत गेला. बातमी नाही म्हणजे सगळं ठीक, ही आम्हा सगळ्यांचीच सवय झालेली.

पुढच्या सकाळी गजाननचं दार उघडलं नाही.

तुकोजीने गाडी थांबवली. "गजानन! ए गजानन!" किती वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं. दार ढकलून आत गेला तर गजानन मोरीपाशी पडलेला, ओठ सुकलेले, बोलायची ताकद नाही. जयेशच धावत आला, त्याच्याच मोटारीतून नेलं. त्या दिवशी सोनलचे पाहुणे आले की नाही, मला ठाऊक नाही. कोणी विचारलं नाही.

दवाखान्यात मी भेटायला गेले. तुकोजी खोलीच्या दाराशी बाकावर बसलेला, आत जात नव्हता. गजानन मला हळूच म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी तो गप्प होता. मला वाटलं, काही नाही आज. तांब्या भरला आणि प्यायलो." रागाने नाही बोलला. जणू नवल वाटल्यासारखं. बाहेर बाकावर तुकोजीला ऐकू गेलं. मी बाहेर आले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, सांगायचं नव्हतं ते सांगितलं. सांगायचं होतं ते..." मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

दवाखान्यातून गजाननचा देहच घरी आला. विक्रम बंगलोरहून पोचला, जयेशने खांदा दिला. तुकोजी मागे मागे चालला, गाडीमागे चालायचा तसाच, फक्त आवाज नाही.

आता तो इथे नाही. त्याची लेक अमिता येऊन त्याला भोपाळला घेऊन गेली, म्हणाली बाबा जेवत नाहीत. ग्रुप आहे, बातम्या येतात, रुची वाचते. पण कोणाचं दार उघडलं नाही हे ग्रुपला कुठून दिसणार?

जायच्या आधी एकदाच तो पुन्हा गाडीमागे गेला. उठावन्याची सकाळ होती. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक जमतात, तो उठावना. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. गाणं वाजलं आणि तो घरातून निघाला, इस्त्रीचा सदरा घालून. आवाज बसला होता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "समितीची बातमी! बोरिंगचं पाणी खराब आहे. उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका." जयेशच्या दारापुढे तो जरा जोरातच बोलला. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. जयेश बादली धरून उभा, मान खाली. त्याने अडवलं नाही.

विक्रम अस्थी वेचायला गेलेला, गजाननच्या दाराला कुलूप होतं. तुकोजी नेहमीच्या जागी थांबला, ताडपत्रीकडे तोंड केलं.

"समितीची बातमी. गजानन यांचा उठावना, आज संध्याकाळी, राममंदिरात." मग श्वास घेतला. "पाणी उकळून प्यायचं."

बादली रिकामी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो थांबला. गाडी पुढे सरकली, तसा तिच्या मागून पुढच्या दाराकडे गेला.