आबांची मोकळी जीप

आबांना आयुष्यात एकदा मोकळी जीप पळवायची होती. मागं कुणी नाही, पायात पोती नाहीत, मांडीवर कोंबडी धरून बसलेली म्हातारी नाही; नुसती गाडी आणि रस्ता. हे ते इतक्यांदा बोलून दाखवायचे की आई वैतागून म्हणायची, "मग पळवा की एकदाची. कुनी हात धरलाय तुमचा?" हात कुणी धरला नव्हता. पण आबांची जीप कधी मोकळी नसायचीच.

जीप मिलिटरीची, लिलावात निघालेली. आबा, माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन माण तालुक्यातल्या आमच्या गावी परतले ते ही जीप घेऊनच. घराचं छप्पर गळत होतं, दोन शेळ्या सोडल्या तर दारात काही नव्हतं, आणि हे जीप घेऊन आले. आईनं तेव्हा जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. पण जीप कशासाठी आणली हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून बोलून झाल्यावर तिनंच नारळाच्या काथ्यानं ती घासून काढली.

आबा फौजेत असताना त्यांची आई तापानं फणफणली होती. वस्तीतल्या माणसांनी तिला घोंगड्यात घालून डांबरी रस्त्यावर आणलं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला. एकही थांबली नाही. आमची वस्ती कुठली हे ड्रायव्हर लोकांना माहीत असायचं. छप्पन सालानंतर आमच्या घरात बुद्धवंदना सुरू झाली होती, पण रस्त्यावरच्या गाड्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. म्हातारी रस्त्याकडेलाच गेली आणि आबांना तार मिळाली.

तेव्हापासून आबांचा एकच नियम, हात दिसला की ब्रेक. मग तो पाटलाचा असो नाहीतर मेंढक्याचा. वस्तीतल्या सगळ्या नवऱ्या त्या जीपमधून नांदायला गेल्या, सगळे आजारी त्यातूनच दहिवडीच्या दवाखान्यात पोचले. मी तर त्या जीपच्या मागच्या बाकड्यावरच जन्मले. दवाखाना काही फार लांब राहिला नव्हता, पण मला धीर नव्हता. तो अजूनही नाही, असं आई म्हणते.

नव्वदीच्या दशकात मी सांगलीत राहायला आले, कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरीला. तिथं कळलं की जुन्या मोटारींची शर्यत भरणार आहे, शनिवारी गाड्या मांडून ठेवायच्या आणि रविवारी सकाळी शहराच्या रस्त्यांवरून पळवायच्या. मी त्याच दिवशी आबांचं नाव घालून टाकलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, रविवारी अमक्याच्या लेकीला सासरी सोडायचीय.

त्या वर्षी आबांचा डावा गुडघा पार गेला होता. जीपचा क्लच जड, आणि दहिवडीच्या डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलेलं. आईनं फर्मान काढलं, "ही शर्यत शेवटची. आलात की चावी माज्या हातात." आबा लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मलाच कसंतरी झालं. त्यांना शेवटचं एकदाच चालवायचं होतं, आणि ते मोकळं.

शनिवारी मैदानावर गेलो तर बाकीच्या गाड्या बघून माझं तोंडच उतरलं. सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याची लांबलचक, सायीच्या रंगाची गाडी. सातारच्या एका डॉक्टरांची काळी गाडी, इतकी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडावा. आणि कडेला आमची जीप, ताडपत्रीला ठिगळ लावलेली. एक माणूस येऊन आबांना विचारतो काय, "वडाप कुठलं, तासगावचं का?" माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला आमच्याकडं वडाप म्हणतात. मी त्याला चांगला झापणार होते, तर आबा आपले शांतपणे म्हणाले, "आज बंद हाय."

डॉक्टर मात्र माणूस भला. जीपभोवती दोनदा फिरून त्यांनी आदरानं विचारलं, "किती वेग घेते?"

"कवा बघितलंच न्हाई, डाक्टर," आबा म्हणाले. "मागं कायम कोन तरी बसल्यालं असतंय."

रविवारी सकाळी रस्ते दोऱ्या लावून बंद केले होते. गच्च्यांवर माणसं, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं. राजवाडा चौकातून निघायचं, पेठेतून मारुती चौकाकडून वळून परत यायचं, अशा तीन फेऱ्या. गाडीत चालवणारा आणि सोबत एक, तिसरं माणूस चालणार नाही. सोबतीला मी. निशाण पडलं आणि आबांनी गाडी जी सोडली, माझी ओढणी मागं गेली ती मागंच राहिली.

पहिल्या फेरीत मला वाटलं जीपचा एकेक भाग सुटून रस्त्यावर पडणार. मागचं बाकडं नाचत होतं, पत्रा खडखडत होता, खड्डा आला की चारही चाकं हवेत. मोकळी जीप अशी असते हे मला माहीतच नव्हतं. आबांना तरी कुठं होतं? पण ते हसत होते. मी माझ्या बापाला फार कमी वेळा हसताना पाहिलंय, आणि असं, आवाज करून, तर कधीच नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं, आणि ते धुळीमुळं आलं असं मी त्यांना न विचारताच सांगून टाकलं.

दुसऱ्या फेरीत आम्ही डॉक्टरांना गाठलं. अरुंद वळणावर त्यांची गाडी अडखळली आणि आमची जीप खेकडा निघावा तशी कडेनं निघाली. आबा जाताजाता म्हणाले, "डाक्टर, जरा येतो पुढं." शर्यतीत अशी परवानगी कोण मागतं? क्लच दाबताना त्यांचा चेहरा आवळला जात होता, ते मला दिसत होतं. पण तोंडावरचं हसू जात नव्हतं.

तिसऱ्या फेरीला पुढं एकटी हळदवाल्यांची गाडी राहिली. अंतर कमी होत होतं. मी दाराला धरून उभीच राहिले होते. मारुती चौक आला आणि तिथं बोळाच्या तोंडाशी, दोरीच्या अलीकडं, एक बाई उभी होती. अंगानं भरभक्कम, डोक्यावर बोचकं, एका हातात डबा. दुसरा हात तिनं वर केला.

"आबा, थांबू नका," मी ओरडले. "शर्यत हाय!"

त्यांचा पाय ब्रेकवर गेलेला होता. जीप करकरत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मिरजंला जाती का वो?" बाईनं विचारलं.

"बसा, मावशी," आबा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. "आवं मावशी, शर्यत चाललीया हितं."

"मग सावकाश घ्या," ती बोचकं आत ढकलत म्हणाली. "डब्यात कालवण हाय." मिरजेच्या दवाखान्यात तिची लेक बाळंतपणाला होती. सकाळपासून उभी होती, एक वडाप थांबलं नव्हतं की एक एसटी आली नव्हती. आज असं का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तोवर डॉक्टर पुढं गेले. मग जो तो पुढं गेला. गच्चीवरची पोरं शिट्ट्या मारत होती आणि मी रागानं लाल झाले होते. आबांनी पहिला गिअर टाकला, गुडघ्यात कळ उठली, आणि गाडी निघाली. सावकाश. कालवणासाठी. थोडं पुढं गेल्यावर ते मला म्हणाले, "बघ, आता कशी गप झाली." खरंच, खडखड थांबली होती. बाई आणि तिचं बोचकं मागं बसलं आणि जीप जमिनीला धरून चालायला लागली.

सगळ्यात शेवटी आम्ही रेघ ओलांडली. निशाणवाला हात हलवून थांबा थांबा म्हणत होता. आबांनी त्यालाही बसवून घेतलं असतं, पण तो बसेना, म्हणून आम्ही तसेच पुढं मिरजेच्या रस्त्याला लागलो.

दवाखान्याच्या फाटकाशी बाई उतरली. "बरी घावली गाडी," म्हणाली आणि डबा सांभाळत आत गेली. आबा तिच्याकडं बघत बसले. मग त्यांनी क्लचवर पाय ठेवला आणि पाय दाबलाच जाईना. दोन्ही हातांनी गुडघा धरून प्रयत्न केला. नंतर किल्ली काढून माझ्यापुढं धरली. मी गाडी शिकले ती त्यांच्याकडूनच, माणगंगेच्या कोरड्या पात्रात. पण ते शेजारी बसलेत आणि मी चालवतेय, असं तोवर फक्त शिकतानाच झालं होतं.

परत मैदानावर आलो तर सगळे ड्रायव्हर मांडवात भडंग खात, चहा पीत बसलेले. संयोजकांनी आमचं नाव काढून टाकलं होतं, गाडीत तिसरं माणूस होतं म्हणून. मी जाऊन भांडले. शेवटचे आलोय, आता आणखी कुठं काढताय आम्हाला? हळदवाले, पहिले आलेले, हसून सांगत होते की स्वतःच्या दुकानापुढून जाताना गल्ल्यावर कोण बसलंय ते बघायला मान वळवली आणि विजेचा खांब थोडक्यात वाचला. डॉक्टर म्हणाले, "मी प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून इशारा देत होतो. शर्यत आहे हे लक्षातच राहीना." सगळे आपापलं सांगत होते. मग कुणीतरी आबांना विचारलं, तुम्हाला कसं वाटलं?

आबांनी चहा खाली ठेवला. "मोकळी गाडी लय आवाज करती वो," ते म्हणाले. "पर मजा आली. दोन-अडीच फेऱ्या लय मजा आली." डॉक्टरांनी आपल्या पुढ्यातलं भडंग त्यांच्याकडं सरकवलं आणि विषय दुसरीकडं गेला.

दुपारी गावाकडं निघालो. आबांना पाय लांब करायचा होता, म्हणून ते मागच्या बाकड्यावर बसले. त्या जीपमध्ये ते मागं कधी बसलेच नव्हते. मी चालवत होते. विट्यापर्यंत ते मागं पडणारा रस्ता बघत बसले, मला वाटलं शर्यतीचं मनाला लागलं असेल. मायणीच्या पुढं रस्ता खराब, तिथं मी हळू घेतली, तरी मागून बाकड्याचा धाडधाड आवाज येत होता. मी विचारलं, "आबा, बरं हाय न्हवं?" आरशात ते दोन्ही हातांनी बाकडं धरून बसलेले दिसले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई ठरल्याप्रमाणं दारात उभी होती, चावीसाठी. आबांना मागून उतरताना बघून ती एकदम पुढं आली आणि त्यांना खांद्याचा आधार दिला. ते खाली उतरले, पण घरात जाईनात. जीपला धरून तिथंच उभे राहिले.

"मागं लय हादरतं गं," ते आईला म्हणाले. "येवढी वर्सं मानसं बसली. आजारी बसली, पोटुशी बसल्या. तू बसलीस. येकानं बी मला सांगितलं न्हाई."

"हादरायचं की," आई म्हणाली. "पर तुमी थांबायचा."

आबा खाली मान घालून रडले. आईनं त्यांना आत नेलं, गुडघ्याला शेक दिला. चावी मागायची ती विसरून गेली, आणि मीही आठवण केली नाही. ती अजून माझ्याकडंच आहे.